बिराजदार अण्णांचं निदान

जिन्यात कुणी भेटलं की बिराजदार अण्णा नमस्काराआधी त्याचा दंड धरायचे. "चला, बीपी बघू!" मैंदर्गीचे अण्णा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले, मुलाने त्यांना बीपीचं मशीन भेट दिलं आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीला फुकटचा डॉक्टर मिळाला. त्यांच्या हातून गाड्या कधी वेळेवर सुटल्या की नाही ठाऊक नाही. निदान मात्र लगेच सुटायचं. तान्ह्याला ताप आला की "दात येतायत", पाय दुखले की "वाढीचं हाय", आणि बाकी सगळं "मोबाईलमुळं".

त्यांची नात गौरी चौथीत होती. तिचं डोकं सारखं दुखू लागलं. सून सुजाता म्हणाली, "अण्णा, डॉक्टरांना दाखवू या."

"घरात मशीन असताना?" अण्णांनी स्वतःचाच पट्टा पोरीच्या काडीसारख्या दंडाला गुंडाळला. काखेपासून कोपरापर्यंत दंड दिसेनासा झाला. "बघा, एकदम नॉर्मल! पोरास्नी कुटं बीपी असतंय? मोबाईल काढून घ्या."

मोबाईल गेला, डोकेदुखी राहिली. एक दिवस गौरीला शाळेतच उलट्या झाल्या. मी आणि सुजाता तिला रिक्षातून बालरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. अण्णाही आलेच, मशीन पिशवीत घेऊन.

बाईंनी छोटा पट्टा काढला. गौरीला शांत बसवून बीपी घेतलं. दुसऱ्या हाताचं घेतलं, मग पायाचंही.

"आमी तपासलंय की बाई, नॉर्मल हाय," अण्णा म्हणाले.

"काका, एवढ्या मोठ्या पट्ट्यावर तिचं बीपी कमीच दिसणार. एरवी मी दोन-तीनदा वेगवेगळ्या दिवशी बोलावून मगच निदान केलं असतं. पण हिचं फार वाढलंय. आजच ॲडमिट करा."

सोनोग्राफीत कळलं, एक मूत्रपिंड आक्रसलं होतं. लहानपणी वारंवार लघवीचा संसर्ग झाला असणार, असं बाई म्हणाल्या. "तेव्हा ताप यायचा का?" सुजाताने सासऱ्यांकडे पाहिलं. ते दातांचे ताप होते.

औषधांनी बीपी आटोक्यात आलं, गौरी घरी आली. आणि अण्णा? दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये सांगत होते, "नातीचं बीपी मीच पकडलं. डॉक्टरनं फक्त शिक्का मारला!" वर पट्ट्याच्या मापावर व्याख्यान. माझा संताप झाला. मी म्हटलं, "अण्णा, एकदा चुकलो म्हणा की." त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचं बीपी वाढलंय वाटतं?"

गेल्या हिवाळ्यात झोपेतच अण्णा गेले. भेटायला आलेले एक गृहस्थ गौरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "तुझं बीपी आज्जांनीच पकडलं ना गं? थोर माणूस!"

गौरी तोवर सातवीत गेली होती. ती सरळ म्हणाली, "नाही. आज्जांचं चुकलं होतं. मला सांगितलंय त्यांनी."

सुजाताने पदर डोळ्यांना लावला. आम्हा कुणापुढेही जे त्या तोंडातून निघालं नाही, ते त्यांनी पोरीला सांगून ठेवलं होतं.

"कधी सांगितलं?" मी विचारलं.

"रोज सकाळी," गौरी म्हणाली, "गोळी देताना."