रिव्हर व्ह्यू आणि पाण्याची टाकी

निवृत्त झाल्यावर मी मोबाइलवर प्रवासाचं एक पान सुरू केलं. वाचणारे बहुतेक नात्यातलेच, तरी मी स्वतःला प्रवास-पत्रकार म्हणवून घ्यायचो. त्यामुळे जबलपूरबाहेरच्या एका नव्या रिसॉर्टच्या मालकाने एक रात्र फुकट राहायला बोलावलं, तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी ओळखलं. बदल्यात चार चांगले शब्द लिहायचे होते.

बायकोला घेऊन गेलो. खोली 'रिव्हर व्ह्यू', पण खिडकीसमोर पाण्याची टाकी. कमरेपर्यंत बाहेर वाकलं तर टाकीच्या बाजूने नदी दिसायची. मी वाकलो. बायकोने मागून कुर्ता धरून ठेवला. फोटो झकास आला. खाली लिहिलं, 'डोळे उघडताच अंथरुणातून नर्मदेचं दर्शन.' फुकटच्या मुक्कामाबद्दल अवाक्षर नाही.

बायकोने वाचून विचारलं, "मग मी काहून धरून उभी होती?" प्रवासवर्णनात थोडं इकडचं तिकडे चालतं, असं मी तिला समजावलं.

आठवड्याभरात नागपूरहून तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. गुडघ्यांमुळे ताईंना नदीवरच्या घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. अंथरुणातूनच नदी दिसते हे वाचून त्यांनी तीच खोली ठरवली होती. मी म्हणालो, छान केलंत. फोन ठेवला तशी बायको म्हणाली, "ताईला मागून कोण धरणार?"

मी पुन्हा फोन लावला. आधी सांगितलं, तिथे डास फार. त्या म्हणाल्या, मच्छरदाणी आणते. मग म्हणालो, जेवण तिखट असतं. हे मी नागपूरच्या बाईला सांगत होतो. शेवटी टाकी, कुर्ता, फुकटची रात्र, सगळं सांगून माफी मागितली.

त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही लिहिलं म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मजकूर बदलून खरं काय ते लिहिलं. मालकाचा फोन आला. टाकी हटवणारच होतो, असं तो हिंदीत फार नम्रपणे म्हणाला. मी त्याचीही माफी मागितली. माफी मागण्यावर आता हात बसला होता.

ताई आल्या, पण जबलपुरात आमच्याच घरी उतरल्या. नर्मदेच्या ग्वारीघाटावर वरच्याच पायरीशी खुर्ची टाकून त्या संध्याकाळभर नदीकडे बघत बसल्या. मी फोटोसाठी मोबाइल उचलला, तर म्हणाल्या, आधी विचारा.

विचारलं. त्या नाही म्हणाल्या.