न मागणारी माणसं आणि व्हर्ला

अमेरिकेतल्या आमच्या विकर काउंटीत, म्हणजे या लहानशा जिल्ह्यात, व्हर्ला हॉस्टेटरला न ओळखणारा माणूस हवा असेल, तर तो परवाच राहायला आलेला असला पाहिजे. चौतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली. अर्धी काउंटी तिच्या आरशात बघत मोठी झाली. त्या आरशातून तिनं एकदा डोळे वटारले की मागच्या बाकावरचा दांडगासुद्धा गप्प बसायचा. ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसून गोधड्या शिवेल. कसल्या गोधड्या! सहा महिन्यांत ती फाउंडेशनच्या अनुदान समितीवर जाऊन बसली.

इथं कुणी मरताना शेत ठेवून जातं, कुणी दुकान विकून आलेले पैसे देतं. ते सगळं एकत्र गुंतवायचं आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी काउंटीतल्या संस्थांना अनुदान द्यायचं, हे फाउंडेशनचं काम. कुणाला किती द्यायचं ते नऊ जणांची बिनपगारी समिती ठरवते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, ओग्ल. त्यांनी पहिल्याच बैठकीत व्हर्लाला अगदी मायेनं विचारलं होतं, हे अर्जबिर्ज तुला जड तर जाणार नाहीत ना? व्हर्ला म्हणाली, "कागद तुम्ही बघा. माणसं मी बघते."

आणि तिनं बघितली. अर्ज वाचून झाला की ती गाडी काढायची आणि जिथं काम चालतं तिथं, काम चालू असतानाच जाऊन उभी राहायची. ऑफिसात बसून कॉफी प्यायची नाही. आधी संडास कुठाय विचारायचं, मग फ्रिज उघडायचा. संस्थेची ही दोन ठिकाणं पाहिली की अहवाल वाचायची गरज उरत नाही, असं तिचं ठाम मत. एका तरुण मंडळानं गुळगुळीत कागदावर रंगीत फोटोंचं पुस्तक पाठवलं होतं. ओग्ल डॉक्टर खूश. व्हर्ला तिकडे गेली, तर टेबल टेनिसच्या टेबलावर बोटभर धूळ. तिनं त्या धुळीत बोटानं स्वतःचं नाव लिहिलं, तारीख घातली आणि परत आली. त्या वर्षी मंडळाला काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी टेबल लखलखीत होतं, पोरं खेळत होती, आणि पैसे द्या म्हणून समितीत सगळ्यात मोठा आवाज व्हर्लाचाच होता. मनात अढी ठेवणं तिला कधी जमलंच नाही.

पण लबाडांचा तिला फार त्रास नव्हता. तिचं डोकं फिरायचं ते भल्या माणसांपायी. आमच्याकडची माणसं मागतच नाहीत. चर्चच्या जेवणात पर्सिमनच्या फळांच्या गोड पुडिंगचा शेवटचा तुकडा उरतो, तो कुणी घेत नाही. एक जण अर्धा कापतो, दुसरा त्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा भांड्याबरोबर धुतला जातो. सगळे उपाशी घरी जातील, पण मला हवा असं कुणी म्हणणार नाही. अर्जातही तेच. दहा लागत असतील तर तीन मागायचे. आणि फाउंडेशनचा नियम असा, की मागितल्यापेक्षा एक डॉलरही जास्त देता येत नाही.

त्या ऑक्टोबरात डॉइल क्रिचलोचा अर्ज आला. डॉइल वेल्डिंगचं काम करायचा, आता सत्तरीला टेकलेला. तो आणि त्याचे चार-पाच मित्र मिळून काउंटीतल्या आजारी माणसांना बेचाळीस मैलांवरच्या शहरात डायलिसिसला नेतात आणि परत आणतात, आठवड्यातून तीनदा, फुकट. अर्जात त्यानं जुन्या व्हॅनचा गिअर दुरुस्त करायला अठराशे डॉलर मागितले होते. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, कमी दिलेत तरी चालेल.

"चालेल म्हणे," व्हर्ला पुटपुटली आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला डॉइलच्या अंगणात हजर झाली.

व्हॅनमध्ये तिघं आधीच बसली होती. चौथी इमोजीन टेटमन. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सत्तावीस वर्षं पोरांना जेवायला वाढलं, म्हणजे व्हर्लाची जुनी सोबतीण. मधुमेहात तिचा एक पाय गेला होता. तिला चाकाच्या खुर्चीतून उचलून व्हॅनमध्ये ठेवायला डॉइल आणि त्याचा मेहुणा दोन्ही बाजूंनी वाकले. मेहुण्याच्या कमरेला रुंद पट्टा आवळलेला. उचलताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून व्हर्लानं मान फिरवली. इमोजीननं डोळे घट्ट मिटून घेतले होते. असं जाताना दोनदा, येताना दोनदा.

व्हर्ला तिच्या शेजारी बसली. गिअर इतका घरघरत होता की मागचं बोलणं पुढं ऐकू जात नव्हतं. पाचेक मैल गेल्यावर इमोजीननं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण झालं की ती डायलिसिस बंद करणार आहे.

बंद करणं म्हणजे काय ते व्हर्लाला ठाऊक होतं. आठवडा, फार तर दोन.

"कंटाळलीस?" तिनं विचारलं.

"छे गं. मला जगायचंय की. पण परवा माझ्यापायी त्या मेहुण्याची कंबर धरली. आणखी किती जणांच्या कमरा मोडू मी?"

"डॉइलला सांगितलंस?"

"त्याला कशाला घोर? तूही सांगू नकोस. शपथ आहे तुला."

व्हर्ला बराच वेळ बाहेर मक्याची कापलेली शेतं बघत राहिली. रडू येत होतं आणि संतापही, आणि दोन्हींत संताप वरचढ होता. मग ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही, इमोजीन. कारण तू सांगणार आहेस. आज. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि डॉइल काही तुझी आई नाही."



रुग्ण आत गेले की चार तास मोकळे. कँटीनमध्ये व्हर्लानं डॉइलला धरलं. खुर्चीसकट माणसाला वर घेणारी लिफ्ट असलेली जुनी व्हॅन एका विक्रेत्याकडे उभी होती. सव्वीस हजार. इमोजीनची खुर्ची ठाऊक असल्यामुळे व्हर्ला आदल्या दिवशीच तिथं जाऊन आली होती, किमतीचा कागद पर्समध्ये होता. अर्ज बदलायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. पण मागणाऱ्यानं स्वतः मागायचं आणि स्वतः सही करायची, त्याला पर्याय नव्हता.

डॉइल कॉफीच्या कपात बघत म्हणाला, उन्हाळ्यात शाळा बंद असताना पोरांना जेवण देणारी मंडळी आहेत, त्यांचाही अर्ज आहे, त्यांच्या पैशाला कात्री लावून व्हॅन घेणं त्याला जमायचं नाही. दुसऱ्या कुणाची गरज मोठी असेल.

"ते ठरवायला आम्ही नऊ जण बसलोत ना?" व्हर्ला म्हणाली. "तू घरी बसून सगळ्यांचे वाटे आधीच ठरवून टाकतोस. हा नम्रपणा नाही, डॉइल, हा आगाऊपणा आहे."

डॉइलचे कान लाल झाले. पण मान काही हलली नाही. बस चालवताना पोरं ऐकायची. हा गडी सत्तर वर्षं मुरलेला.

दुपारी इमोजीनला बाहेर आणलं तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मेहुण्यानं पट्टा आवळला. दोघं वाकले. तेवढ्यात तिनं डॉइलच्या छातीवर हात ठेवला.

"थांब, डॉइल. तुझ्याकडे एक मागायचंय. मला लिफ्टवाली व्हॅन हवीय. तुम्ही मला उचलता ते मला आता बघवत नाही. नाही मिळाली तर मी थँक्सगिव्हिंगनंतर यायची नाही. कुठंच."

मेहुणा सरळ उभा राहिला आणि पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला बघू लागला. डॉइलला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. स्वतःसाठी ज्या माणसानं जन्मात मीठ मागितलं नसतं, तो व्हर्लाकडे वळून म्हणाला, "माझा अर्ज आणलायस?"

आणलाच होता. त्यानं तो बॉनेटवर ठेवून जुना आकडा खोडला, नवा घातला आणि सही केली. व्हर्लानं किमतीचा कागद जोडला, तारीख घातली. मागची बाजू डॉइलनं हाताचा आडोसा करून लिहिली, परीक्षेत लिहितात तशी, आणि घडी घालून खिशात ठेवली. शुक्रवारी मी स्वतः नेऊन देतो, म्हणाला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी चारला समिती बसली. अकरा अर्ज, आणि सगळ्यांना पुरेल एवढं कधीच नसतं. डॉइलचं नाव सगळ्यात शेवटी निघालं, तशी व्हर्ला उभी राहिली आणि सांगितलं की या अर्जाला तिचा हात लागलेला आहे. ज्याचा हात लागला त्यानं चर्चेला आणि मताला खोलीबाहेर जायचं, असा नियम आहे. आठ वर्षांपूर्वी टेबलावर हात आपटून तो नियम करून घेतला होता तो व्हर्लानंच.

ओग्ल डॉक्टर कानकोंडे झाले. नुसती तारीख तर घातलीस, म्हणाले, बस की.

"तारीख घातली आणि किंमत आणली. नियम आहे तर आहे," असं म्हणून ती बाहेर गेली आणि दार तिनंच ओढून घेतलं.

दाराबाहेरच्या बाकावर ती बसली. बारा वर्षांत ज्या अर्जासाठी ती बोलली तो सहसा पडला नव्हता. आज बोलायची सगळ्यात जास्त गरज होती, आणि ती बाहेर होती. आतून डॉइल म्हणाला होता त्या उन्हाळी जेवणवाल्यांचं नाव ऐकू आलं. मग आवाज चढले. मग एकदम सगळं शांत झालं आणि तसंच राहिलं. इमोजीनला सांगायला लावून आपण तिचं दुःख चव्हाट्यावर तर नाही ना आणलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ते तिनं झटकून टाकलं. चुकलं असेल तर चुकू दे. गप्प बसून माणूस जाण्यापेक्षा बरं.

चाळीस मिनिटांनी ओग्ल डॉक्टर बाहेर आले. चष्मा पुसत होते.

"पूर्ण दिले," ते म्हणाले. "जेवणवाल्यांचं थोडं कमी केलं, ते मी माझ्या खिशातून भरतो. तू मागची बाजू वाचली होतीस?"

"नाही."

त्यांनी अर्ज तिच्या हातात दिला. गरज का आहे, या चौकटीत गिअरबद्दलचं सगळं खोडून डॉइलनं एकच ओळ लिहिली होती. 'इमोजीन टेटमनला जगायचं आहे आणि आम्ही तिला उचलू शकत नाही.'

"हे वाचल्यावर कुणाला बोलताच येईना," डॉक्टर म्हणाले.

व्हर्लानं डॉइलला नंतर कळवायचं ठरवलं. आधी तिनं बाकावर बसूनच इमोजीनला फोन लावला आणि तीन वाक्यांत सांगून टाकलं.

मग इमोजीन हळूच म्हणाली, "अगं, मग आता पंचाईत झाली. थंडीचा कोट मी गेल्या महिन्यातच चर्चमध्ये देऊन टाकला. म्हटलं, यंदा मला काय करायचाय."

व्हर्लानं घड्याळ बघितलं. सहा वाजत आले होते, आणि इमोजीनच्या घराजवळचं कपड्यांचं दुकान सातला बंद व्हायचं.

"खुर्चीत बसून तयार राहा," ती म्हणाली. "मी आलेच."