दिवाळीतल्या करंज्या

झाशीतल्या आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दिवाळीला मिठाईचे डबे या घरातून त्या घरात फिरत असतात. एका वर्षी मी दिलेला सोनपापडीचा डबा भाऊबीजेला माझ्याकडेच परत आला. तेव्हाच ठरवलं, आता विकतचं काही द्यायचं नाही.

पुढच्या दिवाळीत मी खोबरं भाजलं, खसखस घातली, करंज्या भरल्या, कातण्याने कडा कापल्या. जुन्या साडीच्या काठांचे रुमाल शिवले आणि तसाच एक झाकून पहिलं ताट शेजारच्या भाभींकडे नेलं. त्यांनी रुमाल उचलला आणि हसायलाच लागल्या. "दीदी, गुजिया? होली तो अभी दूर है!"

इकडे हा पदार्थ होळीचा. दिवाळीत कुणी करत नाही. मला असा राग आला! सकाळपासून पोळपाटाशी बसून हे ऐकायचं?

"हमारे यहाँ दिवाली में ही बनती है," मी ठणकावून सांगितलं आणि एक करंजी त्यांच्या हातात ठेवली. ती त्यांनी उभ्या उभ्या संपवली. मग दुसरी घेतली.

तेव्हापासून दर दिवाळीला ताट जातं. खुलासे करत मी बसत नाही.

यंदा ताट घेऊन गेले, तर भाभी स्वतःच करंज्या तळत होत्या, खोबऱ्याच्या. त्यांची नवी सून शेजारी उभी राहून आश्चर्याने विचारत होती, "मम्मीजी, गुजिया? अभी?"

भाभींनी कढईवरची नजरही उचलली नाही.

"हमारे यहाँ दिवाली में ही बनती है."