आण्णांच्या काठीवरची लाल खूण

"सर, आण्णा गेलं..." सुमनचा, त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत चित्रकलेचा क्लास घेत होतो. फोन ठेवला आणि पहिल्यांदा आठवलं ते आमचं उन्हाळी प्रदर्शन, जेमतेम तीन आठवड्यांवर आलेलं. अशा वेळी असं काही आठवावं याची लाज वाटली, पण खरं तेच आहे.

आण्णांचं शाहूपुरीत फ्रेमचं दुकान. दर मे महिन्यात कलादालनात आम्हा गावातल्या चित्रकारांची चित्रं लागायची आणि ती टांगायची आण्णांनी, हे ठरलेलं. त्यांच्याकडे वेळूची काठी होती, तिच्यावर लाल रंगाची खूण. काठी जमिनीवर उभी करायची, खूण येईल तिथं चित्राचा मध्य. ती खूण नेहमीच्या उंचीपेक्षा चांगली वीतभर खाली होती. उंचपुरे चित्रकार कुरकुरायचे. मीही एकदा भांडलो. "आण्णा, वाकून बघायला लागतंय. लोक हसतात." त्यांनी तोंडात धरलेला खिळा काढला. "वाका की मग. वाकून कुणाची कंबर मोडलेली न्हाय."

कारण त्यांनी फार उशिरा सांगितलं, कळंब्याच्या तळ्याकाठी आम्ही दोघं चित्र काढत बसलो होतो तेव्हा. तरुणपणी त्यांचं पहिलं चित्र लागलं, तेव्हा मंडईत भाजी विकणारी त्यांची आई पाटी शेजारणीवर सोपवून बघायला आली होती. चित्र तिचंच होतं, भाजीच्या ढिगामागं बसलेली. पण टांगलं होतं पार वर, आणि काचेवर ट्यूबलाइट चमकत होती. बुटकी बाई. टाचा उंचावल्या, "मान दुखली रं," म्हणाली आणि परत मंडईत गेली. पुढच्या मेपर्यंत ती राहिली नाही... "ती सोताच हाय त्यात, हे तिला कळलंच न्हाय," आण्णा म्हणाले. घरातला आरसा तिच्या उंचीला लावलेला होता. त्या आरशावर काठी धरून त्यांनी खूण केली. ते चित्र मात्र पुन्हा कधी लावलं नाही.

आण्णा गेल्यावर आमच्या बैठकीत कुणी म्हणालं, यंदा राहू दे. ते मी समजू शकलो. पण दुसरं कुणी म्हणालं, "यंदा तरी चित्रं नीट उंचीवर लावू." माझं डोकंच फिरलं. प्रदर्शन होणार आणि आण्णांच्या खुणेवरच होणार, मी सांगून टाकलं. ज्यांना पटत नाही त्यांनी आपली चित्रं घरी टांगावीत. दोघांनी खरंच परत नेली. नेऊ देत.

सुमनकडून काठी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते चित्रही आणलं. दोन दिवस खिळे ठोकले, अंगठा दोनदा सुजवून घेतला, पण एक चित्र खुणेच्या वर जाऊ दिलं नाही. सुमनच्या आजीचं ते चित्र दारासमोरच्या भिंतीवर लावलं. उद्घाटनाला सुमन आली. ती अंगकाठीनं आजीवर गेली आहे, तशीच बुटकी. चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. मान वर करावी लागली नाही.

"आजी सरळ माझ्याकडंच बघतीया की, सर," ती म्हणाली.

काठी आता माझ्या क्लासच्या दारामागं उभी असते. लाल रंग उडत चालला आहे. पुढच्या मेआधी तो मी पुन्हा भरणार आहे, आणि खूण केसभरही वर सरकणार नाही.