उपाशी बरणी

समुद्र कर्जतपासून लांब आहे, हे मला पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी सांगितलं. तरी मी उरणहून कॅनमध्ये खारं पाणी आणायचे आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोपेपॉड पाळायचे. हे कोळंबीचे लांबचे भाऊबंद, तांदळाच्या कणीहून बारीक. अंगात तेलाचा एक थेंब, तीच शिदोरी. एका बरणीतल्या माद्यांना मी खायला घालत होते, दुसरीतल्यांना नाही. नुसत्या शिदोरीवर त्या किती अंडी घालतात, एवढंच पाहायचं होतं. त्या बरणीत अन्नाचा कण पडला असता तर सगळी तयारी वाया.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून टेंपोपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. पूजेला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांच्यामागे फोटोग्राफर, मग पेढ्यांचं ताट, मग प्राचार्य. मानाचा क्रम हाच. मायक्रोस्कोपला झेंडू वाहिला. मी वाहू दिला, त्याला फुलाचं वावडं नसतं. मग अध्यक्षांनी विचारलं, या बरणीवर ‘उपाशी’ का लिहिलंय? मी सांगितलं. माणूस भातशेतीवाल्या घरातला. त्यांच्याकडे सणाला आधी गुरांना घास, मग घरच्यांना. त्यांनी पेढा मोडला.

“सणाच्या दिवशी मुका जीव उपाशी ठेवायचा नाय, बाई.”

मी झाकणावर हात ठेवला. प्राचार्यांनी डोळ्यांनीच तो काढायला सांगितलं. मी काढला नाही.

“साहेब, तुमच्या घरी नवरात्राचे उपास कोण करतं?”

“बायका.”

“त्यांच्या तोंडात कुणी पेढा कोंबतं का?”

फोटोग्राफर हसला आणि लगेच खोकला. मोडलेला पेढा शेवटी प्राचार्यांना खावा लागला. नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून संस्थेची परंपरा समजावली. मी ऐकून घेतली आणि परत येऊन झाकणाला चिकटपट्टी लावली.

उपाशी माद्यांनी थोडी अंडी घातली. तेलाचा थेंब बारीक होत गेला, तशी अंडी थांबली. माद्या मात्र पोहत राहिल्या.

कोजागिरीच्या दुधाला अध्यक्ष भेटले. “काय, दिली का अंडी तुमच्या उपासवालींनी?”

“थोडी दिली. मग बंद केली.”

“म्हंजे फसलं.”

“नाही. उरलेलं तेल त्यांनी स्वतःसाठी ठेवलं.”

हे अहवालात घालू नका, मुलीही वाचतात, असं ते दुधाचा पेला खाली ठेवत म्हणाले. मी ते पहिल्याच ओळीत घातलं.