गोदाबाईंची डुरकणारी कालवड

“डाक्तरसाहेब, हे गाय हाय का सांड, तेवढं सांगा!”

गोदाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या होत्या. समोर चंद्री नावाची कालवड खुरानं माती उकरत सांडासारखी डुरकत होती. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी सेलूच्या जनावरांच्या दवाखान्यात नवाच लागलो होतो. अंगात ज्ञान मावत नव्हतं.

चंद्री सुनेच्या, सुमित्राच्या, माहेराहून लग्नात आलेली. तीन वर्षांची झाली तरी माजावर येत नव्हती. उलट दुसऱ्या गाईंवर चढायची.

“सुनेच्या बापानं फसोलं आमाले,” गोदाबाई म्हणाल्या. सुमित्रा दाराआड डोळे पुसत होती.

मी चंद्रीला तपासलं. गर्भाशय अगदीच अर्धवट. मग सुमित्राला विचारलं, “ही जुळी होती का?”

“हो. संगं गोऱ्हा व्हता.”

झालं! माझी गाडी सुटली. “ही फ्रीमार्टिन. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याच्या रक्तातलं हार्मोन कालवडीत येतं. मग गर्भाशय वाढत नाही आणि मेंदूच्या पेशीही नराच्या वळणावर जातात. म्हणून ती डुरकते. ही कधी विणार नाही. यात कोणाचा दोष नाही.”

गोदाबाईंनी छातीवर हात मारला. “अवं माय! आमची सून बी तं जुळी! भावासंगं जल्मली! दोन वर्षं झाले लग्नाले, लेकरू नाई. हिले उद्याच माहेरी पोचवा!”

दाराआडून सुमित्राचा हुंदका ऐकू आला. आलो होतो गाय बघायला आणि पोरीचा संसार मोडायला निघालो होतो!

“बाई, माणसात असं नसतं हो! जुळ्या भावाबहिणीचं रक्त पोटात असं मिसळत नाही.”

“तुमी ढोराचे डाक्तर. तुमाले मानसाचं काय समजते?”

गोदाबाईंचे यजमान संपतराव इतका वेळ कोपऱ्यात मुकाट्यानं दोर वळत होते. मान वर न करता ते म्हणाले, “काऊन वं, तुयासंगं कोन जल्मला व्हता?”

गोदाबाईंनी पदर सारखा केला.

“मारोतीच ना, तुया भाऊ? अन् पोट्टे किती झाले तुले?”

“पाच,” गोदाबाई पुटपुटल्या.

“मंग? डुरकनं तेवढं आलं तुयात. बाकी सारं बेस हाय.”

गोदाबाईंनी शेजारचा खराटा उचलून फेकला. संपतरावांनी तो सवयीनं चुकवला. सुमित्रा रडता रडता फिसकन हसली. माहेरी पोचवायचं मग कोणी बोललं नाही. चंद्रीही राहिली. तिच्या धाकानं गावातली मोकाट गुरं त्यांच्या शेतात पाय ठेवत नसत.

पुढल्या वर्षी गोदाबाई पेढे घेऊन थेट दवाखान्यात आल्या. “नात झाली डाक्तरसाहेब. एकलीच हाय, जुळी नाई. लिहून ठेवा तुमच्या पुस्तकात.”

तेव्हापासून डुरकणारी कालवड आली की मी दोन प्रश्न विचारत असे. हिच्यासोबत गोऱ्हा होता का? आणि घरात जुळं कोण कोण आहे? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत मी तोंड उघडत नसे.