ॲसिडला दाद न देणारी जर

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि वडगावच्या घरी अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, साड्या विणतो. एकदा वर्गातला प्रयोग आधी करून बघायला मी पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड घरी आणलं. जस्ताचा तुकडा त्यात फसफसून विरघळला. मग अण्णानं जरीचा धागा टाकला. तो तसाच राहिला.

"ॲसिडलाबी दाद देत न्हाय. खरं सोनं हाय," असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

माझं डोकं फिरलं. साडीतली जर तांब्याची होती. तांबं या ॲसिडात विरघळत नाही, हे दाखवायला मी वायरमधली तांब्याची तार टाकली. तीही तशीच राहिली.

अण्णानं ती लई निरखून बघितली. "मग ह्यातबी सोनं हाय की गं."

त्या दिवसापासून वहिनीनं पाण्याचा तांब्याचा हंडा कपाटात कुलूप लावून ठेवलाय. मी प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पिते.